धार चांगली हाये

मामाजी,

तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी एकच शब्द बोलले. बाकी सगळी वर्षं आपण दोघं भिंतीशी बोललो. त्यामुळे आज कागद घेतला, 'मामाजी' एवढं लिहिलं आणि थांबले. या शब्दाच्या पुढे काय लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलेलंच नाही. लाखनीच्या शाळेत मॅट्रिक झाले, तीर्थरूपांपासून चिरंजीवांपर्यंत सगळ्यांना पत्र कसं लिहायचं ते घोकलं. पण सासऱ्याला लिहायची वेळ सुनेवर येईल असं त्या पुस्तकाला वाटलं नव्हतं.

दहावा झाला, तेरवी व्हायची आहे. ओसरीत सतरंज्या अंथरलेल्या आहेत. बाया येतात, उंबरठ्यापासूनच गळा काढतात, माझ्याकडे बघतात आणि मध्येच थांबतात. मी त्यांना पाणी देते, चहा देते. तुमच्या बहिणीनं, बपेऱ्याच्या आत्यानं, काल सगळ्यांदेखत म्हटलं, "बाई, हिच्या डोऱ्यात त टिपूसबी नाही." खरं होतं. मला काही होतच नव्हतं. परवा चुलीवरचं गंज मी फडक्याशिवाय उचललं. आपली बेबी ओरडली तेव्हा कळलं की ते गरम आहे. बोटांना फोड आलेत. ते बघतानाही दुसऱ्या कुणाची बोटं बघते आहे असंच वाटलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची! सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. मध्ये आत्याबाई, माझ्या सासूबाई. तुम्ही ओसरीतून म्हणायचे, "सांग तिले, आज पाहुणे हायेत." मी दाराआड असे, मला ऐकू आलेलं असे. तरी आत्याबाई दोन पावलं आत येऊन तेच पुन्हा सांगायच्या, वर स्वतःचं मीठमिरची लावून. मग मी त्यांना म्हणायची, "सांगा त्यांना, तांदूळ निवडून ठेवलाय." त्या दोन पावलं बाहेर. आत्याबाई घरात नसल्या की तुम्ही स्वैपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून बोलायचे आणि मी आतून बांगड्या वाजवायची. बांगड्या वाजल्या म्हणजे ऐकलं, मान्य आहे. नाही वाजल्या तर सून रागावली. भिंतीला कान असतात म्हणतात. आपल्या घरच्या भिंतीला तोंडही होतं.

विजूच्या वेळचं सगळं तुम्ही पाहिलंत. पण ते माझ्या बाजूनं तुम्ही कधी ऐकलेलं नाही, म्हणून सांगते.

सुमन आणि बेबीनंतरचं ते तिसरं. सातवा महिना लागला होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोट मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, महिन्यांच्या मानानं पोट भरत नाही, आत पाणी कमी वाटतं. नागपूरला नवीन मशीन आलं होतं, सोनोग्राफीचं. आपल्या गावात त्याला 'पोटाचा टीव्ही' म्हणायचे. तुमचा मुलगा तुमसरकडे खाणीवर होता. तो परस्पर नागपूरला येणार असं ठरलं. आत्याबाईंना मोटार लागते, अड्याळ सोडलं की त्या ओकायला लागतात. म्हणून तुम्ही आणि मी निघालो. मला खिडकीशी बसवून तुम्ही जाऊन बसलात पार ड्रायव्हरच्या मागे, आणि प्रत्येक गावाला मान वळवून मी आहे ना ते बघत राहिलात.

नागपूरला तुमचा मुलगा आलाच नाही. त्याच्या बदली येणारा माणूस आला नाही म्हणून त्याला सुट्टी मिळाली नाही. एका लांब बाकाच्या या टोकाला मी, त्या टोकाला तुम्ही. तिथल्या नर्सनं सांगितलं, भरपूर पाणी प्या आणि लघवी रोखून धरा, त्याशिवाय आतलं दिसत नाही. तुम्ही समोरच्या चहावाल्याकडून पाण्याचा ग्लास भरून आणायचे, बाकाच्या मधोमध ठेवायचे आणि दूर जाऊन उभे राहायचे. मी पदराआडून पिऊन ग्लास परत मध्ये ठेवायची. तुम्ही पुन्हा आणायचे. नंबर काही येईना. शेवटी मला बसवेना की उठवेना. आता हे सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी बांगड्या वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. तुम्ही एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलंत आणि तडक नर्सच्या टेबलापाशी गेलात.

"अवो बाई, किती वेळ बसवून ठेवता तिले? पानी पाजून पाजून तलाव करून टाकला. आता पार फुटंन!"

अख्खा हॉल हसला. तुम्ही गावच्या तलावाचं धरलेलं पाणी शेतात सोडणारा माणूस, पार म्हणजे तलावाचा बांध, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. पण अर्थ सगळ्यांना कळला. मी पदरात तोंड खुपसून घेतलं. लाजेनं मरावं की हसावं ते कळेना. पण नंबर लागला. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की या माणसाला न बोलता बरंच कळतं.

आत अंधार होता. पोटावर काहीतरी गार लावलं, आणि डॉक्टर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, सोबत कोण आहे, त्यांना बोलवा. तुम्ही आलात आणि दाराशीच पाठ करून उभे राहिलात. सुनेचं पोट उघडं, तुम्ही वळणार कसे?

"बाबा, इकडे बघा, टीव्हीकडे," डॉक्टर म्हणाले. नर्सनं माझ्यावर चादर ओढली. मग तुम्ही मानेपुरतं वळलात.

"हे काळं दिसतंय ना, हे पाणी. हे बाळाचं मूत्राशय. एवढं मोठं नसतं, हे फुगलंय. पोटात असतानाच बाळ लघवी करत असतं, आणि त्याच्याभोवती जे पाणी असतं ते बरंचसं तेच. याच्या लघवीच्या वाटेत पातळ पडदा आलाय असं दिसतं. मागे तुंबून दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत. बाहेर कमी येतंय, म्हणून पोटात पाणी कमी."

"असं होते का, साहेब?"

"होतं कधीकधी. मुलींना हा पडदा नसतो. हे मुलांनाच होतं."

मग तुमचा आवाज आला, आणि तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

"म्हंजे, पोरगा हाये?"

"बाबा, मी काय सांगितलं ते कळलं का तुम्हाला?"

"कळलं न, साहेब. पोरगा हाये."

डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं आणि मग खुर्ची वळवून उरलेलं सगळं ते मला सांगू लागले. बाळंतपण गावात करायचं नाही, नागपुरातच. जन्मताच लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं, लघवीची नळी घालायची. पाणी आणखी कमी झालं तर छाती नीट वाढत नाही, श्वास घेता येत नाही. जगेल का, ते आज सांगत नाही. मी सगळं ऐकलं. टीव्हीवर ते काळं होतं, गोल आणि खाली निमुळतं झालेलं, आणि मी विचार करत होते की मला स्वतःला आता धरवत नाही आणि हे लेकरू किती दिवसांपासून धरून बसलंय.

येताना भंडाऱ्याच्या स्टँडवर तुम्ही पेढे घेतलेत.

मामाजी, आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते काही मिटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नका. गाडीतून उतरल्यापासून घर येईपर्यंत तुम्ही वाटेत भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवत आलात. पोरगा हाये, मशीनीत पाहून आलो. मी मागून चालत होते. लोक तुमच्या पाया पडत होते आणि माझ्या पोटाकडे बघून हसत होते. घरी आल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, चांगलं मोठ्यानं, "सांगा त्यांना, आज लेकराचं दुखणं कळलं. दुखण्याचे पेढे वाटतात का?"

आत्याबाई बाहेर गेल्याच नाहीत; गरजच नव्हती.

"सांग तिले," तुम्ही ओसरीतून म्हणालात, "दुखणं डॉक्टर पाहीन. पोरगा कळला म्हून वाटून राहिलो."

"बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी," आत्याबाई पुटपुटल्या. ते तुमच्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात सुमननं विचारलं. पाच-सहा वर्षांची असेल. पेढा तोंडात धरून तिनं तुम्हाला विचारलं, "आबाजी, मी झाली तवा वाटले होते का?" तुम्ही पुडा उघडलात आणि तिच्या हातावर आणखी दोन पेढे ठेवलेत. उत्तर ते नव्हतं, मामाजी. तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणून तर तुम्ही लगेच उठून गोठ्यात गेलात.

आणि त्या पेढ्यांनी काय केलं पाहा. अड्याळच्या बाजारातला तो धानाचा व्यापारी चौथ्या दिवशी दारात. तुम्हाला पाटलासारखा मान देऊन त्यानं त्या मशीनचा पत्ता विचारला. तुम्ही ऐटीत सांगितलात, कुठं उतरायचं, कुठं वळायचं, सगळं. महिनाभरानं कळलं, त्याची सून जाऊन आली, मुलगी निघाली, आणि ते पोट पाडून आले. ती सून बाजारात दिसली मला नंतर. भाजी घेत होती. तिच्याशी काय बोलायचं ते सुचेना म्हणून मी मेथीचा भाव विचारून निघून आले.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. तुम्ही ओसरीतच होतात. मी काही जोडलं नाही, दोष दिला नाही, झालं ते सांगितलं. तुमचं पान खायचं थांबलं. त्यानंतर आणखी दोघं पत्ता विचारत आले होते. मी दाराआडूनच ऐकलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "कायले जाता बाप्पा? त्या मशीनीत दुखणंच दिसते. बाकी काही दिसत नाही." "मंग तुमचा पोरगा कसा कळला?" "अंदाजानं सांगतलं मी." गावभर पेढे वाटलेला माणूस खोटा ठरायला तयार झाला. पण घरात, भिंतीला का होईना, 'चुकलं' असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मी वाट पाहत होते.

त्याच सुमारास तलावाचं तुडूम अडलं. पारेच्या पोटातून पाणी शेतात सोडायचं ते दार. बेशरमाच्या फांद्या आणि गाळ जाऊन बसला, तळातल्या धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या आणि मागे पाणी चढत पारेला टेकलं. तुम्ही या वयात बुडी मारून ते मोकळं केलंत, आणि ओल्या धोतरानं, थंडीनं कुडकुडत, सरळ स्वैपाकघराच्या भिंतीशी येऊन उभे राहिलात. आत्याबाई घरात असूनही भिंतीशी.

"डॉक्टर काय म्हने ते आता समजलं मले," तुम्ही म्हणालात. "दार अडलं हाये. पानी मांगं चढून राहिलं. पोरगा हाये त हाये, पन पोरगा पाह्याचा का पार पाह्याची? बाळंतपन नागपूरलेच."

मी बांगड्या वाजवल्या. त्या दिवशी जरा जास्तच जोरात वाजवल्या असतील.

मग मात्र तुम्ही कुणाचं ऐकलं नाही. बपेऱ्याच्या आत्या म्हणाल्या, आपल्या घरच्या बाया काय दवाखान्यात बाळंत झाल्या का? दाई म्हणाली, मी तीन पिढ्या सोडवल्या. तुम्ही आठव्या महिन्यातच मला नागपुरात आत्याबाईंच्या भाच्याकडे नेऊन ठेवलंत. विजू दिवस पुरे व्हायच्या आधीच झाला. रडला, पण मांजराच्या पिल्लासारखा. त्याला उचलून नेलं, नळी घातली, आणि आम्हाला काचेतून दाखवला. पोट ढोलकीसारखं, हातपाय काडीसारखे. तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, "नळी टाकली न, आता झाला मोकळा." पी हळद अन् हो गोरी! डॉक्टर म्हणाले, असं नाही बाबा. दार उघडलं तरी मागचं सुजलेलं लगेच उतरत नाही, आणि जे खराब झालं ते झालं. तुमच्या तलावाच्या हिशेबात हे नव्हतं. पाणी उतरलं की पार कोरडी होते, तिला झालेलं आठवत नाही. लेकराच्या अंगाला आठवतं.

नळीनं ताप यायला लागला. सर्जन म्हणाले, एवढ्याशा जीवाला आतून पडदा कापता येत नाही, तेवढं बारीक हत्यार आपल्याकडे नाही. तोवर बेंबीखाली पोटाला भोक पाडून मूत्राशय तिथून उघडं ठेवू. लघवी तिथूनच वाहील, सतत. मोठा झाला की पडदा कापू आणि भोक बंद करू. पण विचार करून सांगा, लवकर सांगा.

माझ्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात सगळे होते. तुमचा मुलगा खाणीवरून आला होता, भिंतीला टेकून उभा, बूट काढायचंही सुचलं नव्हतं. माझा भाऊ होता. तुमचा धाकटा भाऊ होता. तोच म्हणाला, "पोटाले भोक पाडून जगवाचं का? रातदिवस मुतत राहीन. लोक काय म्हनतीन? देवानं नेलं त नेऊ द्या." तुमचा मुलगा काहीच बोलेना. त्याच्यावर माझा राग नाही. तो भित्रा नव्हता, त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि मग तुम्ही माझ्या खाटेशी आलात. पाठ करून उभे राहिलात, नेहमीसारखे. आत्याबाई खालून चहा आणायला गेल्या होत्या. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "तलावाले सांडवा ठेवतेत. पानी जास्त झालं का तिकडून जाते, पार वाचते. दिसाले काही चांगला नसते सांडवा. चिखल असते, घान असते. पन त्याच्यानंच पार वाचते." मग म्हणालात, "लेकरू तुह्यं हाये. तुले काय वाटते ते सांग."

तुम्ही मला पहिल्यांदा 'तू' म्हणालात. 'सांग तिले' नाही. 'सांग.'

माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. सलाइन लावताना नर्सनं एका हातातल्या उतरवल्या होत्या, दुसऱ्या हातातल्या बाळंतपणातच फुटल्या होत्या. मी हात हलवला आणि काहीच वाजलं नाही. तुम्ही तसेच पाठमोरे वाट बघत होतात. सून रागावली असं तुम्ही समजाल, या भीतीनं माझ्या तोंडून शब्द निघाला.

"हो."

तुमची पाठ हलली. मग तुम्ही बाहेर गेलात आणि धाकट्या भावाला म्हणालात, "झालं ठरलं. ज्याले लाज वाटते त्यानं आपल्या घरी जा." सगळ्या जन्मात माझं तुमच्याशी बोलणं ते एवढंच, आणि त्यावर विजू जगला.

त्यानंतरची वर्षं ओली होती. फडकी, धोतरं, गोधड्या, सगळं ओलं. तुमची जुनी धोतरं फाडून संपली तशी तुम्ही नवी फाडायला काढलीत, आत्याबाई ओरडल्या तरी. गावात तुम्ही विजूला खांद्यावर घेऊन फिरायचे आणि तुमच्या सदऱ्याला मागून ओघळ यायचा. लोक थट्टा करायचे, "आबाजी, सांडवा चालू हाये का?" "चालू हाये," तुम्ही म्हणायचे, "तुमच्या घरी काय बंद हाये का?" मला वास यायचा बंद झाला होता. पाहुण्यांच्या नाकांवरून कळायचं की वास आहे.

मग तिसऱ्या वर्षी पडदा कापला, पुढं भोक बंद केलं. डावं मूत्रपिंड काही सुधारलं नाही. उजव्यावर आहे तो. सर्जननी जाताना बजावलं, धार बघत जा. बारीक झाली, तुटक झाली, थेंब थेंब यायला लागली, की त्याच दिवशी घेऊन या. हे त्यांनी मला सांगितलं होतं. आईला सांगायची गोष्ट ती. पण तुम्ही ते ऐकलंत आणि दुसऱ्या दिवसापासून ते तुमचं काम झालं.

रोज सकाळी विजूचं बोट धरून तुम्ही पारेवर जायचे. तो पारेवरून खाली धार सोडायचा, तुम्ही बाजूला कमरेवर हात ठेवून बघायचे. थंडीत वाफ निघायची म्हणे. कुठल्या दगडापर्यंत गेली, मध्ये तुटली का, शेवटी थेंब किती वेळ पडले, सगळं तुम्ही बघायचे. अलीकडे सुमनही तांब्या घेऊन मागे जायची. परत आलात की चपला न काढता स्वैपाकघराच्या भिंतीशी उभे राहायचे आणि एकच वाक्य बोलायचे.

"धार चांगली हाये."

मी बांगड्या वाजवायची. त्या वाजेपर्यंत तुम्ही हलायचे नाहीत. एकदा माझे हात पिठात होते, वाजवायला उशीर झाला, तर तुम्ही खाकरलात आणि पुन्हा म्हणालात. कधी तुम्ही "जराशी बारीक वाटली" म्हणायचे आणि माझा अख्खा दिवस चुलीवर उकळत राहायचा. दुसऱ्या सकाळी "चांगली हाये" आलं की मग मी जेवायची. मामाजी, माझ्या नवऱ्यानंही मला इतक्या नेमानं काही सांगितलेलं नाही. सणवार असो, धानाचा रोवणा असो, घरात भांडण असो. पेढ्यांवरून माझा तुमच्यावर राग होता, आहे. त्या व्यापाऱ्याची सून मला अजून दिसते. आणि तरी रोज सकाळी तुमच्या त्या वाक्यावाचून माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही. हे दोन्ही एकाच घरात कसं नांदत होतं ते मला सांगता येत नाही. तुम्हाला विचारावंसं वाटायचं. पण विचारणार कसं? बांगड्यांना एवढं बोलता येत नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळीही सांगून गेलात. भिंतीशी आलात, वाक्य बोललात, माझ्या बांगड्या ऐकल्यात, आणि अंगणात खाटेवर जाऊन टेकलात. धान कापणीला आलंय, मजूर पाहावे लागतील, असं काहीतरी आत्याबाईंना म्हणत होतात. मी चहा ओतत होते. आत्याबाईंनी हाक मारली तेव्हा मी पदर सावरत बाहेर आले, नेहमीसारखा. तुम्ही गेला होतात आणि मी पदर सावरत होते. तुमचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. हनुवटीवर एक जुना व्रण आहे, तो मला माहीत नव्हता.

तेव्हापासून कुणी काही सांगितलं नव्हतं. घर भरलेलं आहे, विजू पाहुण्यांच्या पोरांबरोबर हुंदडतो आहे, कुणीही त्याला आडोशाला नेतं. मी बघायला हवं होतं. मला माहीत आहे. सकाळ झाली की मी चुलीपाशी बसते आणि भिंतीकडे बघते, आणि मग कुणीतरी चहा मागतं.

आज सकाळी तसंच झालं. मी पीठ भिजवत होते. बाहेर चपलांचा आवाज आला, भिंतीपाशी येऊन थांबला. कुणी आत येईना. मग पलीकडून आवाज आला.

"धार चांगली हाये."

मी बांगड्या वाजवल्या नाहीत. हात पिठातून उचललेच नाहीत. पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं; मग खाकरलं, आणि पुन्हा म्हणालं, "चांगली हाये. मोठ्या दगडापोतर गेली. तुटली नाही."

माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "ऐकलं, मामाजी."

मग दारातून सुमन डोकावली. हातात तुमचा तांब्या, परकराचा काठ दवानं ओला. मागे विजू. तिला वाटत होतं की हे भिंतीकडे तोंड करूनच सांगायचं असतं, म्हणून ती बाहेर उभी राहून सांगत होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मी आहो न."

मग मात्र माझ्या बोटांचे फोड दुखायला लागले, सगळे एकदम. मी पिठाच्या हातांनी तिला जवळ ओढलं आणि रडले, मामाजी, इतक्या मोठ्यानं की ओसरीतल्या बाया धावत आल्या.